बर्फाच्या खणातला काका

मी निघाले त्या सकाळी बाबा आमच्या दांडी गावाहून बोईसर स्टेशनपर्यंत माझी बॅग घेऊन आले. लिस्बनबद्दल त्यांनी एकच विचारलं, "तिथं दर्या हाय का गो, बाय?" मी हो म्हटलं. "मंग त्याच्या जवल जाव नको."

त्याआधीच्या हिवाळ्यात बाबा आणि काका वर दूरच्या ओखा बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर खलाशी होते. मासळीमागे बोट समुद्रातल्या सरहद्दीजवळ गेली आणि पलीकडच्या गस्तीच्या बोटीने गोळ्या झाडल्या. काका जाळं ओढत होता. गोळी मानेतून गेली. बाबांनी बर्फाच्या खणातली मासळी फावड्याने समुद्रात फेकली, काकाला तिथे आडवं केलं आणि वरून पुन्हा बर्फ लोटला. बंदर येईपर्यंत बोटीच्या तळाचं पाणी उपसणाऱ्या पंपातून लाल पाणी येत होतं. घरात यावर कुणी बोललं नाही. गप्प बसण्यात मी तर आधीपासूनच तयार होते.

इथे लिस्बनमध्ये मी इतिहास शिकते, आमच्या शेजारच्या तारापूरचा किल्ला बांधणाऱ्या पोर्तुगीजांच्या राजधानीत. वर्गात एकदा सर सांगत होते, की पोर्तुगीजांनी आपल्याकडच्या समुद्रात जहाजांना परवाने सुरू केले. ज्यांच्याकडे परवाना नाही ती गलबतं लुटली, जाळली, माणसांसकट बुडवली. मिऱ्यांच्या व्यापारासाठी. सगळे भराभर लॅपटॉपवर टिपून घेत होते. मी लॅपटॉप मिटून बाहेर पडले. मग लुटणारी ती जहाजं जिथून सुटायची त्या धक्क्यावर जाऊन बसले.

तिथूनच घरी फोन लावला. आई म्हणाली, बाबा या हंगामात परत ओख्याला निघालेत. मी फोनवर हो-नाहीच्या पुढे फारसं जात नाही. त्या दिवशी बाबांना म्हटलं, जाऊ नका.

"मासली तिकडं सरकली, बाय. आमी काय करनार?"

"तुम्हाला बर्फात कोण ठेवणार, बाबा?"

त्यांनी मागचा टीव्ही बंद केला. मग ते म्हणाले, "हायेत पोरं बोटीवर."

ते ओख्याला गेले.

गावाकडून सगळे विचारतात, घरची आठवण येते का. माझ्यासारख्या परदेशात आलेल्या मैत्रिणीही विचारतात. अंगणाची येते, काठीवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासाचीसुद्धा येते. पण बोट खोल पाण्यात गेली, की बाबांच्या फोनची रेंज जाते. मी रोज लिहिते, "जेवलात का?" आणि दिवसच्या दिवस त्या मेसेजखाली एकच टिक असते. त्यांची रेंज परत येऊन दुसरी उमटली, की तेवढ्यापुरती मी घरी असते.