धुऱ्यावरचा भात

धानाच्या बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे मातीच्या बांधाला, खेकडे बिळं पाडतात आणि पाणी वाहून जातं, म्हणून आम्ही भातात विष कालवून त्याचे गोळे बिळांत घालतो आणि वरून चिखल लिंपतो. त्या सकाळी शेवटची चार बिळं मी तशीच उघडी ठेवली. कंटाळा, दुसरं काही नाही. आमचा कुत्रा मागेच होता.

दुपारी तो अंगणात गवत खाऊन ओकू लागला.

"काऊन ओकून राहिला जी?" बायकोनं विचारलं.

"पोट साफ करून राहिला," मी म्हणालो. आमच्याकडे सगळे हेच म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं.

जवळ गेलो तर ओकारीत गवताबरोबर भाताची शितं होती. घरी त्याला सकाळपासून कुणी काही घातलं नव्हतं. देवरीला जनावरांचा डॉक्टर होता, मोटारसायकल दारातच होती. पण बायको बघत होती, म्हणून मी फावड्यानं त्यावर माती ओढली.

दिवस बुडायच्या आत तो गेला.

गवतातच काहीतरी होतं, असं बायको अजून म्हणते. कुठलंही कुत्रं गवताला तोंड लावताना दिसलं की ती धावत जाऊन त्याला हाकलते. मी तिला थांबवत नाही.