कापसाची गाडी

चंदीगडला नवऱ्याची बदली झाली तेव्हा हवाई दलाचं क्वार्टर लगेच मिळणार नव्हतं, म्हणून आम्ही शहरात एका जुन्या कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालक राहायचे, सरकारी संस्थेतून निवृत्त झालेले सरदारजी आणि त्यांची बायको. सरदारजींना मी अंकलजी म्हणू लागले. आंटीजी जर्मन होत्या, त्याही पूर्व जर्मनीच्या, म्हणजे आता नकाशावर नसलेल्या देशाच्या. तरुणपणी अंकलजी तिकडे यंत्रांचं शिक्षण घ्यायला गेले होते. तिथे दोघांचं जुळलं आणि लग्न करून आंटीजी इकडे आल्या त्या कायमच्या. इतक्या वर्षांत त्यांचं हिंदी कच्चंच राहिलं होतं, पण पंजाबी अशी फर्डी की भाजीवाले त्यांच्याशी घासाघीस करायचं टाळायचे.

सामान उतरवताना ट्रकवाल्यांनी गॅरेजसमोर खोकी रचली. ती बाजूला घ्या म्हणून सांगायला अंकलजी बाहेर आले. सकाळी गाडी काढायची असते, म्हणाले. मी आत डोकावून पाहिलं. लहान मुलाने चित्रात काढावी तशी, फिकट निळी, डबीसारखी गाडी उभी होती. गॅरेजमध्ये जुन्या स्कूटरच्या धुरासारखा वास भरून राहिला होता. मी सहज बॉनेटवर टिचकी मारली तर आवाज लाकडासारखा आला.

"पत्रा नाही तो," अंकलजी म्हणाले. "रुई आहे."

मला वाटलं गंमत करताहेत. पण ते खरं होतं. त्या देशात कम्युनिस्ट राजवट होती आणि पत्र्याची कायम टंचाई. मग त्यांनी कापसाचा वाया गेलेला भाग राळेत भिजवून, गरम साच्यात दाबून गाडीचं अंग बनवलं. मी म्हटलं, माझे वडील यवतमाळला जिनिंगमध्ये होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवरसुद्धा कापूस असायचा आणि आई त्यांना अंगणातच थांबवून कपडे झटकायला लावायची. हे ऐकून अंकलजींना इतका आनंद झाला की त्यांनी आंटीजींना हाक मारून बाहेर बोलावलं आणि सांगितलं, ही मुलगी आपल्या गाडीच्या माहेरची आहे. आंटीजींनी गाडीकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे बघून विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का, आणि आत जाऊन पराठे लाटायला घेतले.

रोज सकाळी अंकलजी ती गाडी काढायचे, मार्केटपर्यंत जाऊन ब्रेड आणि पेपर घेऊन यायचे. अख्ख्या गल्लीला कळायचं. आधी खोकल्यासारखा आवाज, मग फटफट, मग निळसर धूर. आंटीजी त्यांच्याबरोबर कधीच जायच्या नाहीत. कुठे जायचं असलं की त्या ऑटो बोलवायच्या. गाडी दारात आणि बाई ऑटोत, हे मला विचित्र वाटायचं, पण विचारायचं कसं?

दुसऱ्या हिवाळ्यात अंकलजींची नजर अधू झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवायला सक्त मनाई केली. ते पेपर आणायला चालत जाऊ लागले. पण सकाळी गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसायचे, ती सुरू करायचे आणि थोड्या वेळाने बंद करून परत यायचे.

एक दिवस आंटीजी जिना चढून वर आल्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्या सहसा वर येत नसत. त्या मला कुडिये म्हणायच्या, म्हणजे पोरी. माझी चाळिशी उलटली होती तरी. खुर्चीत बसून त्यांनी दम घेतला आणि सरळ विचारलं, गाडी चालवायला शिकशील का? मी चकित झाले. घरात गाडी नेहमीच नवऱ्याने चालवली होती, मी कधी त्या वाटेला गेले नव्हते. आंटीजी म्हणाल्या की त्यांना त्या गाडीचं काही कौतुक नाही. पण हा माणूस बंद गॅरेजमध्ये धुरात बसून राहतो, ते त्यांना बघवत नाही. कुणीतरी चालवली तर तो निदान शेजारी बसून मोकळ्या हवेत तरी जाईल.

नवरा तेव्हा दुसऱ्या तळावर गेला होता. फोनवर सांगितलं तर हसत सुटला. म्हणाला, अगं, त्यापेक्षा तुला विमान शिकवणं सोपं जाईल. आणि खरंच, त्याचं फारसं चुकलं नाही.

त्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे होतं, आपल्या रस्त्यांच्या उलट. गिअरची दांडी स्टिअरिंगच्या बाजूने बाहेर आलेली, ती ढकलायची, ओढायची आणि मनगट वळवून खालीवर करायची. पेट्रोल किती आहे ते दाखवणारा काटा नव्हताच. बॉनेट उघडून, इंजिनच्याच वर बसवलेल्या टाकीत एक पट्टी बुडवून बघायचं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं, जुन्या स्कूटरमध्ये टाकायचो तसं, आणि ते अंकलजी स्टीलच्या पेल्याने मोजायचे. दार जरा उचलून धरल्याशिवाय लागायचं नाही. हीटर पूर्ण बंद होत नसे, त्यामुळे उन्हाळ्यातही पायांना गरम झोत लागायचा. चढावर तर मागून सायकलवाले घंटी वाजवायचे. अंकलजी सांगायचे, तिथले इंजिनिअर काही मठ्ठ नव्हते. त्यांनी नवे नमुने बनवले होते, पण वरून मंजुरी मिळाली नाही आणि कारखान्यातून तीच गाडी तशीच निघत राहिली.

सर्वांत मोठी अडचण ही की मी डावीकडे बसलेली असायचे आणि उजवीकडचं सगळं अंकलजींच्या आड. चौकात वळताना उजवीकडून काय येतंय ते त्यांनी बघून सांगायचं, तर त्यांना दिसायचं नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, काही येतंय का? ते थोडा वेळ पुढे रोखून बघत राहिले आणि म्हणाले, "बेटा, मला सगळं पांढरं दिसतंय. तूच बघ." मग आमची पद्धत ठरली. चौक आला की ते पगडी सांभाळत सीटला टेकून मागे व्हायचे आणि मी त्यांच्यासमोरून मान लांब करून बघायचे.

माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. तिने मला स्पष्ट सांगितलं, मम्मा प्लीज, मेरे स्कूल की तरफ मत आना. मी मराठीत विचारलं, का गं? ती हिंदीतच म्हणाली, सब लोग देखते हैं. लोक बघायचे हे खरंच होतं. सिग्नलला शेजारच्या मोठ्या गाड्यांच्या काचा खाली व्हायच्या, मोबाइल बाहेर यायचे. अंकलजी सगळ्यांना हात करायचे.

हळूहळू मला जमायला लागलं. रीतसर परीक्षा देऊन लायसन्स काढलं. सकाळी आम्ही दोघं तळ्यापर्यंत जायचो, परत यायचो. अंकलजी वाटेत डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकायचे आणि आता गिअर बदल, असं हळूच सांगायचे. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. इतका वेळ न कंटाळता मला कुणी काही शिकवलं, असं त्यांच्यानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

मग अंकलजींच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. जाताना आम्ही टॅक्सीने गेलो. पण घरी सोडायच्या दिवशी त्यांनी हॉस्पिटलमधून फोन करून हट्ट धरला की मी आपल्या गाडीनेच येणार. मी आंटीजींकडे पाहिलं. त्यांनी स्वेटरची बटणं लावली, माझ्या मागोमाग गॅरेजपर्यंत आल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. हॉस्पिटलपर्यंत त्यांनी दाराचा कोपरा घट्ट धरून ठेवला होता.

परत येताना अंकलजी डोळ्यावर पट्टी बांधून मागे बसले. मध्यमार्ग नावाच्या मोठ्या रस्त्यावर सिग्नल सुटला आणि गाडी बंद पडली. मी पुन्हा पुन्हा चावी फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. मागे हॉर्न सुरू झाले. एका वाहतूक पोलिसाने आणि दोन स्कूटरवाल्यांनी ढकलून आम्हाला झाडाखाली कडेला लावलं. अंकलजी मागून म्हणाले, ती तापली आहे, थोडं थांबा, गार झाली की आपोआप सुरू होईल. ते अगदी निवांत होते. आम्ही थांबलो.

आंटीजी समोरच्या काचेतून बघत होत्या. मग पंजाबीत, सावकाश बोलू लागल्या. ही गाडी त्यांच्या वडिलांची होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. वडील ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला होते. त्या देशात गाडी हवी असेल तर नाव नोंदवून नंबर यायची वाट बघायची, आणि त्यात वर्षंच्या वर्षं जायची. आंटीजी शाळेत जाऊ लागल्या तेव्हा वडिलांनी नाव नोंदवलं. नंबर आला तोवर मुलीचं लग्न झालं होतं आणि तिला देश सोडून जायची परवानगीही मिळाली होती. गाडी घरी आली तेव्हा सगळी गल्ली बघायला जमली. वडिलांनी ती रोज पुसली. थोडे दिवस चालवली. मग मुलीकडे पाठवायची म्हणून बंदरापर्यंत स्वतः घेऊन गेले आणि जहाजावर चढवून दिली. म्हणाले, तिकडे हवा गरम असते, लवकर सुरू होईल. आणि आगगाडीने घरी परत गेले. पुढे मरेपर्यंत ते कामावर सायकलनेच जात होते. त्यांच्या शेवटच्या आजारात आंटीजींना तिकडे जायला मिळालं नाही.

"ते मेकॅनिक होते," आंटीजी म्हणाल्या. "ही गाडी वाईट आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार. तरी त्यांनी ती पुसली. माझा राग गाडीवर नाही, कुडिये. एका चांगल्या माणसाला इतक्या वाईट वस्तूची इतकी वर्षं वाट बघायला लावली, त्याचा आहे."

 मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

मागून अंकलजींचा आवाज आला. "मला वाटायचं तुला धुराचा त्रास होतो."

"धुराचाही होतो," आंटीजी म्हणाल्या.

अंकलजींनी हात पुढे करून चाचपत त्यांचा खांदा शोधला आणि तिथेच ठेवला. सगळं आयुष्य एकत्र काढून त्यांनी हे एकमेकांना विचारलं नव्हतं. अंकलजी समजत होते की बायकोला धुराचा त्रास होतो, म्हणून ते तिला कधी आग्रह करत नसत. आणि तिच्या घरची एवढीच एक वस्तू इथे आहे, म्हणून ती जिवापाड सांभाळत होते. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतर आंटीजी रविवारी आमच्याबरोबर येऊ लागल्या. मागे बसायच्या, नाकाला रुमाल लावून. तळ्याकाठी उतरून दोघं हात धरून चालायची, मी बाकावर बसून मुलीला उठवायला घरी फोन करायचे. ऑपरेशनने अंकलजींची नजर फारशी सुधारली नाही, पण आंटीजींच्या हाताला धरून ते भराभर चालायचे. वडिलांबद्दल आंटीजी मग पुष्कळ बोलायच्या. ते शिट्टी फार छान वाजवत, त्यांना लोणच्याच्या काकड्या आवडत, असं काहीबाही.

पुढच्या उन्हाळ्यात गाडीचं इंजिन कायमचं बसलं. शहरालगतच्या मनीमाजऱ्यात जुन्या स्कूटर दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता, त्याने मन लावून खटपट केली, पण सुटा भाग कुठे मिळेना. त्याच सुमारास अंकलजी-आंटीजींच्या कॅनडातल्या मुलाने कळवलं की गॅरेजच्या जागी तळमजल्यावर बाथरूमसकट एक खोली बांधून घ्या, म्हणजे म्हातारपणी सोयीचं होईल. गाडी हलवणं भाग होतं. कबाडी, म्हणजे भंगारवाला, आला. त्याने दारावर लोहचुंबक लावलं, ते खाली पडलं. बॉनेटवर लावलं, तिथूनही पडलं. तो वैतागून म्हणाला, माताजी, हे लोखंडही नाही आणि प्लास्टिकही नाही, मी याचं करू काय? आंटीजी पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठून त्याला म्हणाल्या, जा बाबा, आम्हाला विकायची नाही.

गाडी मागच्या हिरवळीवर आंब्याखाली न्यायचं ठरलं. माझा नवरा तेव्हा सुट्टीवर आलेला होता. तो, मिस्त्री आणि मी मागून ढकलणार होतो. अंकलजींनीही पगडी सारखी करून डिकीच्या कडेला हात लावला. आता स्टिअरिंगवर कोण बसणार? नवरा माझ्याकडे बघू लागला. तेवढ्यात आंटीजींनी चप्पल काढून बाजूला ठेवली, दार उचलून उघडलं आणि आत बसल्या. त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती.

आम्ही ढकललं. गाडी घराच्या बाजूने वळायला लागली. आंटीजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ ताठ करून बसल्या होत्या आणि पंजाबीत सूचना देत होत्या, जोर लावा, आता सावकाश, गुलाब वाचवा. एक गुलाब मोडलाच. गच्चीवरून माझी मुलगी व्हिडिओ काढत होती. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला त्या गाडीची लाज वाटत नव्हती. गाडी आंब्याखाली थांबली तरी आंटीजी उतरेनात. आतून त्यांनी अंकलजींना हाक मारली, ते चाचपत गेले आणि शेजारी बसले. आम्ही तिघं चहा करायला घरात आलो.

आमची बदली त्यानंतर लवकरच झाली. आता आम्ही नाशिकला आहोत आणि माझ्याकडे साधी चांगली गाडी आहे, जी चावी फिरवली की सुरू होते. आंटीजींचा फोन येतो. पानगळीत गाडी पानांनी झाकून जाते आणि दोघं मिळून ती साफ करतात, असं परवा सांगत होत्या. अंकलजींना दिसत नाही, पण पुसायला दिसावं लागतंच असं नाही, म्हणाल्या.