आत्याचं घर वैजापूरपर्यंत

माझ्या आत्याला हरवणारा माणूस हर्सूलमध्ये अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर आत्या आधी त्याला चपला बाहेर काढायला लावेल.

सत्तरी ओलांडलेली ही बाई एकटी राहते. पण हा 'एकटी' शब्द तिच्यासमोर उच्चारायची कोणाची टाप नाही. नेट गोगलगाईच्या चालीनं यायचं, तेव्हा ती फोन घेऊन गच्चीवरच्या टाकीशेजारी उभी राहायची आणि वैजापूरच्या आपल्या शाळेपासूनच्या मैत्रिणीला तार केल्यासारखं ओरडायची, "मी बरी. तू? ठेवते." भाजीचा एखादा व्हिडिओ लावला तर तो गोल गोल फिरत राहायचा, तोवर हिची भाजी शिजून, जेवण होऊन भांडीसुद्धा घासून व्हायची. मग ती तो निवांत बघायची आणि बनवणारीच्या चुका काढायची.

पुढं गल्लीत फायबरची वायर आली. पुण्याला राहणाऱ्या माझ्या आतेभावानं, आईला कीर्तनं ऐकता यावीत म्हणून, ती घरात घेतली. आत्यानं एकही कीर्तन ऐकलं नाही. सकाळी तिनं मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला, फोन मिठाच्या बरणीला टेकवला आणि झोपतानाच बंद केला. तेव्हापासून रोज हेच. गंमत म्हणजे दोघी तासन्‌तास बोलतच नाहीत. इकडं ही मेथी निवडते, तिकडं ती मशीनवर ब्लाऊज शिवते. वैजापुरात कुकरची शिट्टी झाली की आत्या हर्सूलचा गॅस बंद करते. मैत्रिणीच्या दारात भाजीवाला आला की ही इथून गरजते, "कांदा दाबून बघ गं, मागच्या बारीला सडका दिला यानं!" तो बिचारा अजून त्या घरात दुसरी बाई शोधतोय.

दिवाळीनंतर आतेभाऊ तिला कायमचं न्यायलाच आला.

"आई, अजून किती दिवस एकटी राहणार?"

आत्यानं फोन त्याच्या तोंडासमोर धरला. तिकडून मैत्रीण म्हणाली, "अकेली कायकू रे बेटा? मैं सुबू से बैठी नं इसके संग!"

"नेट पुण्यातही आहे," तो म्हणाला.

"हाय ना. पण तिथं मी पाहुणी. पाहुणीनं दिवसभर मैत्रिणीशी बोलत बसलेलं कोणाला चालत नाय."

तो चिडला. "मग इथलं नेटच बंद करतो."

"कर. गच्ची हाय अजून. गुडघेबी हायेत."

संध्याकाळपर्यंत तो धुमसला आणि एकटाच परत निघाला. जाताना मात्र फोनसमोर वाकून हळूच म्हणाला, "खाला, हिच्यावर लक्ष राहू द्या."

परवा मी गेलो, तर आत्या स्वतःच्याच घरात कुजबुजत होती. "हळू बोल. झोपलीय ती. बरं नाय तिला दोन दिसांपासून." पडद्यावर मैत्रीण पडून होती आणि तिच्या पायांवरची चादर सरकली होती. माझ्याशी बोलता बोलता आत्याचा हात ती चादर नीट करायला पुढं गेला आणि काचेवरच थांबला.