आत्याच्या पदरातला मोहरीचा दाणा

आज फोडणीतली मोहरी उडून मनगटावर बसली आणि जामखेडची सुगंधाआत्या आठवली.

तिचा मुलगा शमुवेल तापाने पडला होता. घरी प्रार्थनेला आलेले चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, बायबलात आहे, मोहरीएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो. आत्याने त्याच दिवशी पदराच्या गाठीत मोहरीचा दाणा बांधला. औषधं चालू होती, पण तिचा भरवसा त्या गाठीवर.

शमुवेल गेला. माती देऊन आल्यावर सगळे ओसरीवर बसले होते. आत्याने गाठ सोडली, दाणा तळहातावर घेऊन पाळकसाहेबांपुढे धरला.

"याच्यापरीस बारीक हुता का वो माझा विश्वास?"

"नाही हो बाई. ती बोलायची रीत असते," ते पुटपुटले.

"मंग तवाच सांगायचं ना. मी रोज गाठ सोडून बघत हुते."

तेव्हा वाटलं, आत्या त्यांना जाब विचारतेय. आता माझं पोर तापलं की कळतं, तिला खरंच उत्तर हवं होतं. अजूनही मोहरी हातावर घेतली की माझी नजर सगळ्यात बारीक दाणा शोधते.