मुलाखतीत मला गल्ली विचारली

अध्यक्षांनी माझ्या कागदांवरून नजर फिरवली. मग डाव्या हाताची बाही वर सरकवली आणि म्हणाले, "नर्स आहात ना? सकाळपासून डोकं जड आहे. जरा बीपी बघा."

शेजारच्या दोघा सदस्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एकाने शिपायाला सांगून कार्यालयातलं बीपीचं मशीन मागवलं. मी उठले. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबू लागले. हाताला सवय असते, तो आपोआप चालतो. मला काही वाटलं नाही.

पट्ट्यातली हवा उतरत होती तेव्हा त्यांनी प्रश्न विचारला. "रेणापूरच्या म्हणालात. कुठल्या गल्लीतल्या?"

बीपी बघताना बोलू नका, असं सांगायचं असतं. मी सांगितलं नाही. गल्लीचं नाव सांगितलं. आमच्या गल्लीचं नाव घेतलं की जात वेगळी सांगावी लागत नाही. त्यांनी मान डोलावली. मी पट्टा सोडला, बीपी किती ते सांगितलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पट्टा होता तेवढा दंड पुसला आणि बाही खाली केली. "छान. या तुम्ही."

माझी मुलाखत झाली होती.

ही गोष्ट नांदेडची, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या एका कॉलेजातली. आमच्या भागातल्या खासगी निवासी शाळांच्या संघाने नियम काढला होता. शाळेचा प्रशासक व्हायचं तर संघाचा परवाना पाहिजे, पण त्यासाठी शिक्षकच असायला पाहिजे असं नाही. इंजिनिअर, बँकवाले, फौजी, दवाखान्यातले, कुणीही यावं. रविवारचे वर्ग करावेत, लेखी परीक्षा द्यावी, मुलाखत द्यावी. लेखी मी चांगल्या मार्कांनी पास झाले होते. माझ्या आधी आत गेलेल्या बँक मॅनेजरला त्यांनी शाळेचं बजेट विचारलं होतं, फौजीला शिस्त विचारली होती. ते हसत बाहेर आले होते.

बाहेर बाकावर पुढचे उमेदवार बसले होते. नांदेडचे औषध दुकानदार, वयस्कर मुसलमान गृहस्थ. वर्गात आम्ही शेजारी बसायचो, ते मला बाजी, म्हणजे ताई, म्हणायचे. त्यांनी विचारलं, "क्या पूछे, बाजी?"

"गल्ली," मी म्हणाले.

ते बाकावरून उठले. मग म्हणाले, "मेरा तो नामच काफी है." आणि आत गेले.

आता कुणी म्हणेल, नर्सला कशाला हवा परवाना. सांगते. लातूरच्या ज्या निवासी शाळेत मी सिकरूम सांभाळते, तिथे पोरी डॉक्टर व्हायला येतात. दर रविवारी टेस्ट. सोमवारी मार्कांप्रमाणे बॅच बदलते. टेस्ट बुडली की शून्य, आणि शून्य म्हणजे सरळ शेवटची बॅच. म्हणून पोरी ताप लपवतात. माझ्याकडे गोळी मागायला येण्याआधी गार पाण्याने कपाळ, मान, काखा पुसून येतात. आजार लपवायला दवाखान्यात येणारं माणूस मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

पोरीला घरी पाठवायचं तर प्रशासकाची सही लागते. आमचे प्रशासक मूळचे सिव्हिल इंजिनिअर. वसतिगृहाची इमारत त्यांनी बांधली. संघाने तो शैक्षणिक अनुभव धरला आणि परवाना दिला. मी भूकंपानंतर किल्लारीकडे पत्र्याच्या शेडमध्ये पोरांची शाळा चालवली होती. मास्तर यायला तयार नव्हते. सकाळी जखमा पुसायच्या, दुपारी पाढे घ्यायचे. वाऱ्याने पत्रा वाजला तरी पोरं बाहेर पळायची, त्यांना हाताला धरून परत आणून बसवायचं. हे सगळं मी अर्जात लिहिलं होतं. भिंती उभ्या केल्या तो अनुभव. पोरं सांभाळली ती सेवा.

गेल्या साली देगलूरची एक पोरगी माझ्यासमोर उभी राहिली. डोळे पिवळे झालेले. हिला आजच घरी पाठवा, असं मी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. "सिस्टर, तुम्ही गोळ्या द्या. शाळा मी बघतो." दुसऱ्या दिवशी टेस्ट चालू असताना ती बाकावरून खाली पडली. वाचली. पण बाप घेऊन गेला तो गेलाच, उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला एक शेळी कमी झालेली कळत नाही. मला ती सही हवी होती, बाकी काही नको होतं.

निकाल आला. वसतिगृह अधीक्षिका म्हणून योग्य, प्रशासक म्हणून अयोग्य. आई म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला केलंस? बरी हाय की नोकरी." मी जेवले. भांडी घासली. ड्यूटीवर गेले. रडू आलं नाही, रागही आला नाही. कुणी विचारलं तर, काही नाही, असं म्हणायचे.

मग एका शनिवारी दुपारी उदगीरकडची एक पोरगी आली. कपाळ गार आणि तळहात नुसते भाजत होते.

"ताप न्हाई मला, सिस्टर. नुसतं डोकं दुखायलंय."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी हो म्हणावं म्हणून. आणि मला माझंच तोंड दिसलं. मुलाखतीच्या टेबलासमोर मीही असंच कपाळ पुसून बसले होते. काही वाटलं नाही म्हणत होते ते खोटं होतं. चांगलाच चटका बसला होता. मी तो त्यांच्यापासून लपवला आणि मग स्वतःपासूनही. हे कळलं तेव्हा मी स्टुलावर बसले.

तिच्या बापाला फोन केला. तो आला तसा दोघांना घेऊन स्टँडवर गेले, उदगीरच्या गाडीत बसवलं. पोरगी रडत होती, बॅच जाईल म्हणून. मी परत आले तर साहेब सिकरूमच्या दारात उभे होते.

"कुणाच्या सहीने पाठवलं?"

"माझ्या."

"परवाना आहे तुमच्याकडे?"

"नाही. पोरीला ताप होता."

मला नोटीस मिळाली. पोरीला शून्य मिळालं. बरी होऊन ती परत आली, आता शेवटच्या बॅचला बसते. माझ्याशी बोलत नाही. चालेल.

संघाची पुढची परीक्षा आली आहे. मी अर्ज केला आहे. मुलाखतीला गेले की त्यांनी विचारायच्या आत गल्लीचं नाव मीच सांगणार, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. मग खुर्चीत बसणार. बँक मॅनेजरला जे विचारतात ते मला विचारल्याशिवाय उठणार नाही, पुढच्या उमेदवाराला हाक मारली तरी नाही. परवाना दिला तर सही करीन. नाही दिला, तरी आजारी पोरगी मी टेस्टला बसू देणार नाही.