कारवीच्या भिंतीवरचा ठिपका

अकोले तालुक्याच्या डोंगरात कोणती पाल कुठे राहते, याचा नकाशा काढायचं काम मी करते. हे ऐकून लोक हसतात, त्याची मला सवय झाली आहे. आमची खाली माळावर, काष्टी गावात शेती, घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, आणि मी एम.एस्सी. होऊन पीएच.डी.ला लागले. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. आईला मात्र माझा विषय सांगायची लाज वाटते. कोणी विचारलं तर म्हणते, "डोंगरात कसली तरी सरकारी मोजणी करतीया." एकदा फोनवर मलाच म्हणाली, "आगं, पाली बघाया अकोल्याला कशाला जाया पायजे? आपल्या न्हाणीत काय कमी हायेत का?"

कमी नाहीत, पण त्या वेगळ्या. आमच्या माळावर गळ्याला निळी झालर असलेला सरडा सापडतो, तो घाटमाथ्यावर दिसत नाही. उलट घाटमाथ्यावर, जिथे पावसाळाभर दगड सुकत नाहीत, तिथे बोटाएवढी एक तपकिरी पाल भर दिवसा फिरते. घरातल्या पालीच्या डोळ्यातली बाहुली उजेडात उभ्या चिरेसारखी होते, हिची गोलच राहते. ही हिची खूण. मी माथ्यावरून खाली उतरत उतरत हिला शोधलं आणि मला एक गोष्ट सापडली. झाडी संपून बाजरीची वावरं सुरू होतात, तिथे ही पालही संपते. नकाशावर मी तिथे लाल रेघ मारली. माझे गाईड, म्हणजे आमचे सर, सहसा कशालाच चांगलं म्हणत नाहीत. ती रेघ बघून म्हणाले, "स्वच्छ आली आहे." पीएच.डी.च्या समितीपुढे मला हीच रेघ मांडायची होती. ती टिकली तर पुढचं सगळं सोपं होतं.

समितीच्या बैठकीच्या थोडंच आधी, रेघेच्या बऱ्याच खाली, प्रवरा नदीच्या बाजूच्या एका वस्तीवर मी चहाला थांबले होते. घर ओळखीचं. काका-काकू दोघंच असतात. मी पडवीत बसले होते. कप तोंडाला लावला आणि समोरच्या भिंतीवर तीच तपकिरी पाल दिसली. भर दुपारची वेळ. मी कप खाली ठेवून भिंग काढलं. बाहुली गोल.

"काय झालं गं?" काकूंनी विचारलं.

"काकू, ही पाल इथे कशी?"

"कशी म्हंजी? भितीवं हाय. पाल आनि कुटं आसती?"

मी उठून घराभोवती फिरले. विहिरीची कड, आंब्याची खोडं, बांधाचे दगड, गोठा, सगळं बघितलं. एकही नाही. पुन्हा आत आले तर त्याच भिंतीवर आणखी दोन. घराच्या बाकी भिंती विटांच्या होत्या. ही एकच जुनी, कुडाची: कारवीच्या काटक्या उभ्या बांधून वरून शेणमाती लिंपलेली. आणि कारवी तर इकडे उगवत नाही, ती माथ्यावरचं झुडूप.

"ही कारवी कुठली?"

"माझ्या म्हायेरची," काकू म्हणाल्या. त्यांचं माहेर अगदी वर, कड्याजवळ. त्या घरची रीत अशी, की लेकीच्या घराचा कूड नव्यानं घालायचा झाला की भावानं कारवीचे भारे आणून द्यायचे. "माजा भाव टेम्पो भरून आनतो. त्यातनंच आली आसंल ही बया."

आतून काका ओरडले, "आता पालीबी म्हायेरच्या झाल्या व्हय! मी बारका हुतो तवापासनं बघतोय मी ह्यान्ला हितं."

"तुमाला काय ठावं? तुमी भितीकडं कवा बघितलं?"

"तू लगीन करून यायच्या आदी भितीच बघत बसायचो. दुसरं काय हुतं घरात बघन्यासारखं?"

काकू पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू येईना. काकूंचं खरं धरलं तर माझी रेघ वाचत होती, काकांचं धरलं तर ती मुळातच चुकली होती. आणि दोघंही तितक्याच ठामपणे बोलत होते.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "माणसांनी आणलेली असेल तर ती नकाशात येत नाही. ठिपका सोडून दे. मूळची असेल तर रेघ बदल. पण काय ते ठरव."

ठरवायला मी पुन्हा भिंतीशी गेले. एका कोपऱ्यात लिंपण सुटलं होतं. आत बॅटरी मारली, तर काटक्यांच्या खाचेत पांढरी अंडी चिकटलेली. काही ताजी, काही फुटून नुसती टरफलं उरलेली, टरफलांवर पुन्हा जुनी टरफलं. म्हणजे इथे जन्मलेल्या पालींनी इथेच अंडी घातली होती. आणलेली असली तरी हिची आई, कदाचित आजीसुद्धा, याच भिंतीतली. मग हिला आणलेली कसं म्हणायचं? आणि मूळची म्हणावं, तर दाराबाहेरच्या दगडावर ती एकदाही का दिसू नये? वस्तीवरची कारवीची बाकी घरंही मी बघितली. तिथे नाहीत. त्यांची कारवीही वरूनच आली होती, मग तिच्यातून एकही पाल का आली नाही?

काकू मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "घरकुल मंजूर झालंय. ही भित पाडायची हाय. तवर तुजं काय ते लिवून घे."

समितीपुढे मी ठिपका ठेवला, रेघही ठेवली. ठिपका रेघेबाहेर एकटा. समितीतल्या मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "ही पाल इथली आहे की आणलेली?"

शाळेपासून मला उत्तर न येणं परवडलेलं नाही. येत नाही म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं, लग्न लावलं असतं. माझ्याकडे दोन्ही उत्तरं तयार होती, दोन्ही पटतील अशी. तोंड उघडलं तेव्हा, कुठलं निघणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

सरांनी मान खाली घातली. मॅडमनी ठिपक्याभोवती पेन्सिलीनं गोल केला. मग म्हणाल्या, "मग हा भाग आत्ता मान्य करता येणार नाही. पुढचा पावसाळा तिथे काढा आणि परत या."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "एक ठिपका गाळला असतास, तर आज पेढे वाटले असते."

खरं होतं ते. मी काकूंना फोन लावला आणि पावसाळा होईपर्यंत भिंत ठेवाल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ह्यान्ला इचारते." मागून काकांचा आवाज आला, "तिला म्हनावं, आमी भित ठिवतो, पन मी सांगतोय त्येच लिव!"

काय लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही.