लॅमिनेट केलेला अंक

सोन्याच्या खाणींच्या गावांतली जुनी वर्तमानपत्रं गोळा करणाऱ्या लोकांबद्दल मला कधीच आदर वाटला नाही. मी स्वतः बारा वर्षं तेच करतोय, म्हणून अधिकाराने सांगतो. अमेरिकेतल्या आमच्या चँडलरहून दोन-तीन तास गाडी हाकत कुठल्यातरी ओसाड गावच्या जुन्या बाजारात जावं, तर काउबॉय टोप्या घातलेले निवृत्त गृहस्थ तिथे आधीच हजर. त्यांना फक्त पहिलं पान हवं असतं. 'सोनं सापडलं' एवढं मोठ्या अक्षरांत दिसलं की उचलला अंक, केला फ्रेम आणि टांगला संडासात. आतली पानं वाचायची नाहीत. अडाणी लेकाचे!

मी वाचतो. खेचर हरवल्याची जाहिरात, दात काढून देणाऱ्या डॉक्टरची जाहिरात, पोस्टात पडून राहिलेल्या पत्रांच्या मालकांची यादी. खरं गाव तिथे असतं. हे इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एकदा सांगायला गेलो, तर पुण्याचा एक आयटीवाला म्हणाला, "काका, म्हणजे रद्दीच ना यार?" त्याच्याशी मी आजतागायत बोललेलो नाही. बायकोशी बोलावं लागतं. ती म्हणते, "गॅरेजमध्ये कार पार्क करायला जागा नाही, आणि तुम्ही मेलेल्यांचे पेपर स्टोअर करताय."

तर या रद्दीत मला एक अंक मिळाला. डोंगरातल्या एका छोट्या खाणगावचा, चार पानी. त्या गावात एका खोलीचं म्युझियम आहे आणि ते सांभाळणाऱ्या एक आजीबाई आहेत. त्यांच्या फायलीत नेमका हाच अंक नव्हता. कित्येक वर्षं त्या तो शोधत होत्या. मी फोन केला तेव्हा त्यांनी अंकाची तारीख मला दोनदा वाचायला लावली. अंक फुकट देतो म्हणालो. अट एकच, खाली माझ्या नावाची पाटी, स्पेलिंग अचूक. पंचवीस वर्षं या देशात माझ्या नावाची चिरफाड चाललीय. एकदा तरी ते कुठेतरी नीट लिहिलेलं मला बघायचं होतं.

आता द्यायचंच तर नीटनेटकं करून द्यावं. घडीवर कागद फाटायला आला होता. आमच्या वडिलांनी सांगलीत माझी मार्कशीट, डिग्री, जमिनीचा सातबारा, इतकंच काय रेशनकार्डसुद्धा लॅमिनेट करून घेतलं होतं. कागद मोलाचा असला की प्लास्टिकमध्ये घालायचा, हे आमच्या रक्तातच आहे. मी कॉपीच्या दुकानात गेलो. मशीनमधून उलगडलेला अंक गरमागरम बाहेर आला, चकचकीत आणि पापडासारखा कडक. मी स्वतःवर इतका खूश होतो की म्युझियमच्या वाटेवर दोनदा गाडी थांबवून तो बघितला.

आजीबाई हात धुऊन, कोरडे करून वाट बघत बसल्या होत्या. मी अंक पुढे ठेवला. त्यांनी बोटाने प्लास्टिक चाचपलं, एक कोपरा उचलून बघितला आणि अंक हळूच खाली ठेवला.

"हे काढता येईल ना?" मीच विचारलं.

"नाही. उष्णतेने प्लास्टिक कागदात मुरलंय. आतल्या आत तो खराब होत जाईल आणि आपल्याला काही करता येणार नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनाने केलंत."

शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं. परत येताना मला आयुष्यात पहिल्यांदा त्या टोपीवाल्यांपुढे लाज वाटली. त्यांनी न वाचता का होईना, अंक जगवले होते. मी शब्दन्‌शब्द वाचला आणि स्वतःच्या हाताने मारला. अडाणी कोण, ते रस्ताभर कळत होतं.

महिन्याभराने बायको मला बळेच तिथे घेऊन गेली. काचेच्या कपाटांत आमचा अंक नव्हता. तो होता मुलांच्या कोपऱ्यात, बुटक्या टेबलावर, रंगीत खडूंच्या शेजारी. एक चिमुरडी हरवलेल्या खेचराच्या जाहिरातीवरून चिकट बोट फिरवत मोठमोठ्याने वाचत होती. म्युझियममध्ये आतलं पान वाचणारं तेवढं एकच माणूस होतं.

वर पाटी होती, 'कृपया हात लावा.' खाली माझं नाव. स्पेलिंग अचूक.